‘ती’ आणि ‘त्या’: अभिनेत्री-कादंबरीकाराचा चरित्रलेख कसा लिहावा

सोलापुरातल्या आमच्या वाचनगटात दर महिन्याला एक सभासद स्वतः लिहिलेला चरित्रलेख वाचतो आणि तो लेख आधी तपासून देण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. मागे मेरी अ‍ॅस्टर या अमेरिकन अभिनेत्रीवरचा एक कच्चा मसुदा हाती आला. मूकपटांच्या काळात पडद्यावर आलेल्या आणि पन्नाशी उलटल्यावर कादंबरीकार झालेल्या या बाईंविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नसल्यामुळे मी तो उत्सुकतेने वाचायला घेतला. पहिले वाक्य होते, ‘मेरी अ‍ॅस्टर हिचा जन्म १९०६ साली झाला.’ शेवटून दुसऱ्या परिच्छेदात वाक्य होते, ‘त्यांनी पाच कादंबऱ्या लिहिल्या.’ मधल्या आठ पानांत कुठेतरी बाईंना बढती मिळाली होती, आणि ती कुठे मिळाली हे शोधले तेव्हा पहिल्या पुस्तकाच्या उल्लेखापाशीच ‘ती’ची ‘त्या’ झालेली आढळली.

हा दोष त्या लेखकाचा एकट्याचा नाही. आपल्या भाषेतच ती सवय मुरलेली आहे. १९१३ साली दादासाहेब फाळके यांना ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचे काम करायला स्त्री मिळाली नाही आणि ते अण्णा साळुंके या पुरुषाकडून करून घ्यावे लागले, त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या तेव्हा ते किती धाडसाचे होते, हे त्यावरून कळते. ‘नटी’ या शब्दाला चिकटलेला तो जुना सूर अजून पुरता गेलेला नाही. लेखिका म्हटले की मात्र आपली लेखणी आपोआप आदरार्थी होते. म्हणून अशा व्यक्तीवर लेख लिहिणाऱ्याने एकही वाक्य लिहिण्यापूर्वी सर्वनाम ठरवावे. मी सांगतो ती पद्धत अशी की बालपणापुरते ‘ती’ लिहावे आणि पहिला करार झाला, स्वतःच्या कष्टाचा पहिला पगार घरात आला, की तिथून शेवटपर्यंत ‘त्या’ लिहावे. मेरी अ‍ॅस्टर यांच्या बाबतीत ही रेघ ओढणे सोपे आहे, कारण त्याच सुमारास त्यांचे नावही बदलले. तोवर ती ल्युसील लँगहँके होती.

वहीचे चार रकाने

लेखनाला बसण्याआधी कालपट तयार करावा. त्यासाठी दुकानदार जमाखर्चाला वापरतात तशी लांबट वही घ्यावी आणि पानावर चार रकाने आखावेत: वर्ष, वय, घटना आणि ही घटना कुठून कळली ते. पहिला आणि तिसरा रकाना सगळेच भरतात. चौथा बरेच जण आळसाने सोडतात आणि पुढे पस्तावतात. दुसरा रकाना, म्हणजे वयाचा, कोणालाही सुचत नाही. माझ्या मते मात्र लेख उभा राहतो तो याच रकान्यावर.

वयाचा रकाना का हवा, हे मी स्वतःच्या फजितीतून शिकलो. एका जुन्या स्मरणिकेत छापलेल्या जन्मवर्षावर विसंबून मी एका अभिनेत्रीचा परिचय लिहिला आणि तो गटापुढे वाचला. वाचन संपल्यावर पहिल्या रांगेतल्या एका निवृत्त ग्रंथपाल बाईंनी शांतपणे बोटे मोजली आणि विचारले, ‘म्हणजे ही नायिका झाली तेव्हा नऊ वर्षांची होती का?’ स्मरणिकेत जन्माचे वर्ष चुकले होते, पण ते वाचून दाखवणारा मीच होतो, त्यामुळे दोष स्मरणिकेवर ढकलून चालण्यासारखे नव्हते. तेव्हापासून प्रत्येक घटनेसमोर मी वय लिहितो.

मेरी अ‍ॅस्टर यांच्या आयुष्याचे पान असे भरले तर काय दिसते ते पाहावे. ३ मे १९०६ रोजी इलिनॉय राज्यातल्या क्विन्सी या गावी जन्म. वडील जर्मनीहून आलेले जर्मन भाषेचे शिक्षक आणि आई वक्तृत्व व नाट्य शिकवणारी. १९१९, वय १३: एका चित्रपट मासिकाने भरवलेल्या सौंदर्यस्पर्धेसाठी स्वतःचे छायाचित्र पाठवले. १९२१, वय १५: न्यूयॉर्कमध्ये पडद्यावर पहिली कामे. १९२४, वय १७: ‘बो ब्रमेल’मध्ये जॉन बॅरीमोर यांची नायिका. बॅरीमोर यांचा जन्म १८८२ चा असल्यामुळे त्यांच्यासमोर ४२ हा आकडा येतो. सतरा आणि बेचाळीस हे दोन आकडे शेजारी आले की त्या काळच्या स्टुडिओंविषयी वेगळे भाष्य करण्याची गरज उरत नाही.

या रकान्याचा खरा लाभ पुढे होतो. १९४४ साली ‘मीट मी इन सेंट लुइस’मध्ये मेरी अ‍ॅस्टर यांनी ज्युडी गारलँड यांच्या आईची भूमिका केली. तेव्हा त्यांचे वय ३८ होते. गारलँड यांचा जन्म जून १९२२ चा, म्हणजे पडद्यावरच्या आई आणि मुलीत प्रत्यक्षात सोळा वर्षांचे अंतर होते. त्याच्या तीनच वर्षे आधी, १९४१ मध्ये, ‘द मॉल्टीज फाल्कन’मध्ये हम्फ्री बोगार्ट यांच्यासमोर त्यांनी रंगवलेली मोहक आणि कमालीची खोटारडी नायिका पाहिली असेल, तर ही उडी किती मोठी आहे हे कळते. तरुण नायिकेवरून थेट आईवर! पुढे त्या लेखनाकडे का वळल्या याचे निम्मे उत्तर या दोन नोंदींच्या मधल्या कोऱ्या ओळीत आहे, आणि वयाचा रकाना नसता तर ती ओळ दिसलीच नसती.

पैशाची नोंद

अभिनेत्रींच्या चरित्रात पैशाविषयी लिहिताना आपण विनाकारण लाजतो आणि ‘घरच्यांनी तिचे शोषण केले’ अशा ढोबळ वाक्यावर भागवतो. तसे न करता आकडे द्यावेत. मेरी अ‍ॅस्टर आठवड्याला २,५०० डॉलर मिळवू लागल्या तेव्हा त्यांच्या हाती आठवड्याचा खर्च म्हणून पाच डॉलर ठेवले जात. उरलेल्या पैशांतून आईवडिलांनी हॉलिवूडमध्ये मूरक्रेस्ट नावाचा प्रशस्त बंगला घेतला, आणि त्यात लेकीला जवळपास कैदेत ठेवले. एकोणीस वर्षांच्या असताना त्या वरच्या मजल्यावरच्या आपल्या खोलीच्या खिडकीतून उतरून पळाल्या आणि एका हॉटेलात जाऊन राहिल्या. स्वतःच्या पगारावर स्वतःचा ताबा मिळायला सव्विसावे वर्ष उजाडले, आणि तो मिळताच आईवडिलांनी पोटगीसाठी त्यांच्यावर दावा लावला.

या डॉलरचे आजच्या रुपयांत रूपांतर करण्याचा मोह आवरावा. काळ आणि देश दोन्ही बदलल्यावर येणारा आकडा कोणालाच काही सांगत नाही. २,५०० आणि ५ हे प्रमाण मात्र सर्वांना कळते. सोलापूरच्या श्रोत्याला तर ते अधिकच कळते. इथल्या पूर्व भागात विड्या वळून घर चालवणाऱ्या बायकांची मजुरी मोजून घेणारा हात पुष्कळदा दुसराच असतो, हे आमच्या गटातल्या एकीने लेखाच्या चर्चेत स्वतःहून सांगितले. लेखात मात्र असली तुलना लेखकाने घालू नये. ती श्रोत्याला सुचू द्यावी.

चित्रपट कसे पाहावेत

शंभराहून अधिक चित्रपटांत काम केलेल्या व्यक्तीचे सगळे चित्रपट पाहणे शक्य नसते, आणि मूकपटांपैकी बरेचसे जगभर नष्टच झाले आहेत. सहा-सात चित्रपट निवडावेत, पण ते प्रसिद्धीच्या क्रमाने न पाहता प्रदर्शनाच्या क्रमाने पाहावेत. मूकपट पाहताना मागे वाजणारे संगीत बंद करावे, कारण ते बहुधा पुढे कोणीतरी जोडलेले असते आणि अभिनयापेक्षा तेच आपल्याला भावना सुचवीत राहते.

मूकपटांतून बोलपटांत जाण्याचा टप्पा मात्र घाईने उरकू नये. मेरी अ‍ॅस्टर यांची आवाजाची चाचणी घेतली गेली तेव्हा आवाज जड, जवळपास पुरुषी आहे असा निर्वाळा मिळाला आणि त्यांचे काम थांबले. सुरुवातीच्या ध्वनियंत्रांची मर्यादा आणि ती चालवणाऱ्यांचे अननुभवीपण हे त्यामागचे संभाव्य कारण. कित्येक महिने त्या घरी बसून होत्या. शेवटी फ्लॉरेन्स एल्ड्रिज या अभिनेत्री मैत्रिणीने त्यांना लॉस एंजेलिसमधल्या एका नाटकात घेतले, आणि रंगमंचावर तोच आवाज लोकांना आवडला. त्यानंतर स्टुडिओंनाही तो एकाएकी योग्य वाटू लागला. याच सुमारास, २ जानेवारी १९३० रोजी, त्यांचे पती केनेथ हॉक्स एका चित्रपटाचे हवाई चित्रीकरण करताना विमान अपघातात गेले. मेरी तेव्हा २३ वर्षांच्या होत्या. आपल्या वाचकाला हा टप्पा जवळचा वाटावा म्हणून रूबी मायर्स तथा सुलोचना यांचे उदाहरण देता येईल; बोलपट येताच या मूकपटतारकेला थांबून हिंदुस्थानी भाषा शिकावी लागली आणि मगच त्या पडद्यावर परतल्या. तिकडे आवाज आडवा आला, इकडे भाषा.

एक इशारा इथेच देतो. चित्रपटातले आयुष्य आणि प्रत्यक्षातले आयुष्य यांची गल्लत करण्याचा दोष आपल्या गावात तरी होऊ नये, कारण आपल्यासमोर धडधडीत उदाहरण आहे. सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यावर व्ही. शांताराम यांनी १९४६ साली चित्रपट काढला. स्वतः शांताराम कोटणीस झाले आणि जयश्री त्यांची चिनी पत्नी झाल्या. डॉक्टरांविषयी लिहायला बसलेले कितीतरी विद्यार्थी अजूनही त्या चित्रपटातले प्रसंग आणि संवाद खरे म्हणून वहीत उतरवून घेतात. वहीच्या चौथ्या रकान्यात ‘चित्रपटातून’ असे लिहावे लागले, तर ती नोंद खोडावी.

डायरीचे प्रकरण

मेरी अ‍ॅस्टर यांचे नाव शोधणाऱ्याला सर्वांत आधी त्यांच्या डायरीचे प्रकरण सापडते, आणि लेखाचा तोल जातो तो तिथेच. निर्विवाद भाग थोडक्यात असा आहे. दुसरे पती डॉ. फ्रँकलिन थॉर्प यांच्याशी घटस्फोट झाल्यावर मुलीच्या ताब्यासाठी १९३६ साली न्यायालयात लढा झाला. मेरी यांची खासगी डायरी पतीच्या हाती लागलेली होती आणि तिच्यात नाटककार जॉर्ज कॉफमन यांच्याशी असलेल्या संबंधांची नोंद होती. वृत्तपत्रांनी डायरीचे म्हणून बरेच काही छापले. डायरी आपली आहे आणि संबंध होते हे मेरी यांनी मान्य केले, पण छापून आलेल्या मजकुरातला बराच भाग बनावट असल्याचे सांगितले. न्यायालयाने डायरी मोहोरबंद करून ठेवली आणि १९५२ साली ती न्यायालयाच्या आदेशाने जाळण्यात आली.

एवढ्यावर थांबावे. या प्रकरणाला एक परिच्छेद द्यावा आणि त्यात एखादे असे सत्य घालावे जे मसाल्यात हरवून जाते. मला त्यातले एक फार महत्त्वाचे वाटते. खटला चालू असताना त्या ‘डॉड्सवर्थ’ या चित्रपटाचे काम करीत होत्या. निर्माते सॅम्युअल गोल्डविन यांनी त्यांना काढून टाकले नाही. त्या चित्रपटातली त्यांची समंजस, थोडी थकलेली आणि कोणावरही हक्क न सांगणारी स्त्री पाहताना, हे काम करणारी बाई त्याच दिवसांत साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहत होती, हे लक्षात ठेवले तर अभिनयाविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ सापडते. वृत्तपत्रांनी काय छापले त्यापेक्षा हे लिहिणे अवघड आहे. वेळ तिथे द्यावा.

सांधा

आता लेखाचा गाभा. ‘नंतर त्या लेखनाकडे वळल्या’ हे वाक्य ज्या लेखात आढळेल तो मी परत पाठवतो. वळल्या म्हणजे काय? कोणत्या दिवशी, कोणाच्या सांगण्यावरून, कोणत्या टेबलाशी बसून? एका व्यवसायातून दुसऱ्यात जाणे ही रस्त्यावरची वळणाची पाटी नव्हे. तो सांधा असतो, आणि सोलापूरकराला सांध्याचे महत्त्व सांगायला नको, कारण मागावर तुटलेला धागा जोडताना गाठ कशी बसली यावर पुढचे कापड अवलंबून असते.

मेरी अ‍ॅस्टर यांच्या आयुष्यातला हा सांधा वेदनेचा आहे. १९४१ मधल्या ‘द ग्रेट लाय’साठी त्यांना सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. त्यात त्यांनी एका गर्विष्ठ पियानोवादिकेची भूमिका केली होती, आणि लहानपणी वडिलांच्या धाकाखाली रोज तासन्‌तास घटवलेला पियानो तिथे कामी आला. पुरस्कार घेताना त्यांनी सहअभिनेत्री बेटी डेव्हिस आणि संगीतकार चायकोव्हस्की यांचे आभार मानले. बाईंना विनोदबुद्धी होती हे चरित्रकाराने विसरू नये. कादंबऱ्या वाचताना ते उपयोगी पडते. त्यानंतर मोठ्या स्टुडिओचा दीर्घ करार झाला आणि एकामागून एक आयांच्या भूमिका आल्या. मद्यपान आधीपासून होतेच, ते वाढले. १९४९ मध्ये त्यांना उपचारासाठी दाखल व्हावे लागले आणि १९५१ मध्ये झोपेच्या गोळ्यांच्या अतिसेवनाने त्या मरणाच्या दारातून परतल्या. तो अपघात होता असे त्यांनी सांगितले. पुढे त्या कॅथलिक झाल्या. मानसशास्त्र जाणणाऱ्या एका कॅथलिक धर्मगुरूने उपचाराचा भाग म्हणून त्यांना स्वतःचे अनुभव लिहून काढायला सांगितले. ते कागद वाढत गेले आणि त्यांतून १९५९ साली ‘माय स्टोरी’ हे आत्मचरित्र निघाले. पुस्तक खूप खपले. पुढच्याच वर्षी, वयाच्या ५४ व्या वर्षी, पहिली कादंबरी आली.

म्हणजे सांध्यात आधी आजार आहे, मग कबुली आहे, मग सवय आहे आणि शेवटी कसब आहे. हा क्रम लेखात असाच उतरला पाहिजे. ‘यशानंतर त्यांनी लेखनाचा छंद जोपासला’ असे लिहिणाऱ्याने यातले काहीच पाहिलेले नसते.

वही पुन्हा उघडावी. १९६० ला कादंबरी, १९६१ ला चित्रपट, १९६२ ला कादंबरी, १९६४ ला कादंबरी आणि चित्रपट, १९६५ ला कादंबरी. दोन कारकिर्दींमध्ये सरळ रेघ नाही. पाच-सहा वर्षे त्या एकमेकींवरून गेलेल्या आहेत. शेवटच्या चित्रपटात, १९६४ मध्ये, त्यांची भूमिका अगदी लहान आहे, आणि त्याच वर्षी त्यांच्या नावावर तिसरी कादंबरी आहे. लेखाचे ‘पूर्वार्ध’ आणि ‘उत्तरार्ध’ असे दोन समान तुकडे पाडायला निघालेल्या लेखकाला हे पान दाखवले की त्याचा आराखडा आपोआप मोडतो, आणि मोडलेलाच बरा.

कादंबऱ्या वाचण्याची रीत

चार कादंबऱ्यांची वर्षे वर आली. पाचवी १९६८ ची. पाचही नावे एकदा क्रमाने द्यावीत: ‘द इनक्रेडिबल चार्ली कॅर्यू’, ‘द इमेज ऑफ केट’, ‘द ओ’कॉनर्स’, ‘गुडबाय, डार्लिंग, बी हॅपी’ आणि ‘अ प्लेस कॉल्ड सॅटर्डे’. लेखात मात्र पाचही कादंबऱ्यांची कथानके सांगू नयेत. एक निवडावी आणि तिच्याजवळ थांबावे.

पुस्तक मिळवणे हेच पहिले अवघड काम आहे. सोलापुरात आधी हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयांत चौकशी करावी, कारण जुन्या इंग्रजी पुस्तकांच्या कपाटात काय निघेल हे सांगता येत नाही, आणि काही नाही निघाले तरी संदर्भ विभागातली मंडळी दुसरी वाट सुचवतात. मला चार्ली कॅर्यूची प्रत शेवटी एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडून टपालाने मागवावी लागली. पहिल्यांदा त्याने तशाच रंगाच्या मुखपृष्ठाचे भलतेच पुस्तक पाठवले; दीड महिन्याच्या पत्रव्यवहारानंतर खरी प्रत आली, तीही कणा सुटलेली. तिला कापडी पट्टी लावून घेतली आणि मग वाचायला बसलो.

वाचताना पहिला नियम असा की पहिल्या वाचनात कोण म्हणजे कोण हे शोधू नये. आपल्याकडे अभिनेत्रीचे पुस्तक म्हटले की आत्मचरित्रच डोळ्यांसमोर येते. दुर्गा खोटे यांचे आहे, लीला चिटणीस यांचे आहे, आणि हंसा वाडकर यांनी सांगितलेले व अरुण साधू यांनी शब्दांकित केलेले ‘सांगत्ये ऐका’ तर मराठीत आपल्या जागी अढळ आहे. शांता आपटे यांनी तर ऐन कारकिर्दीत, १९४० मध्ये, सिनेमात जाऊ इच्छिणाऱ्या मुलींच्या प्रश्नालाच पुस्तकाचे शीर्षक करून टाकले. या परंपरेत वाढलेला मराठी वाचक कादंबरी हाती आली तरी तिच्यात आत्मचरित्र धुंडाळतो, हा दिग्दर्शक म्हणजे तोच का आणि हा नवरा म्हणजे दुसरा की तिसरा, असे विचारत राहतो. मेरी अ‍ॅस्टर यांच्या बाबतीत ही सवय हमखास फसवते. स्वतःचे सांगायचे ते त्यांनी १९५९ च्या पुस्तकात सांगून टाकले होते. त्यामुळे पहिल्याच कादंबरीत त्या स्वतःपासून दूर गेल्या. चार्ली कॅर्यू हा श्रीमंत घरातला देखणा, लाघवी आणि सदसद्विवेक नावाची गोष्टच नसलेला पुरुष आहे, आणि त्याच्या अवतीभवतीची माणसे त्याला क्षमा करीत करीत कशी उद्ध्वस्त होतात, याची ती कथा आहे. तिच्यात हॉलिवूडच्या झगमगाटावर भिस्त ठेवलेली नाही.

दुसऱ्या वाचनात पेन्सिल घ्यावी आणि एकच गोष्ट पाहावी: अभिनय केलेल्या माणसाची खूण लेखनात कुठे उमटते? मी त्यासाठी संवाद मोठ्याने वाचतो. बोलायला सोपी वाक्ये आणि वाचायला सोपी वाक्ये वेगळी असतात, आणि आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्ये तोंडपाठ केलेल्या लेखिकेला तो भेद कानाने ठाऊक असतो. दुसरी खूण म्हणजे पात्र खोलीत येते ती रीत. दार कोणत्या बाजूला आहे, आत येणाऱ्याकडे कोण बघते आणि कोण बघायचे टाळते, याचा हिशेब अभिनेत्रीच्या डोक्यात पक्का असतो. अशी तीन-चार ठिकाणे सापडली की ती लेखात जशीच्या तशी दाखवावीत; मूळ इंग्रजी उतारे देण्याऐवजी प्रसंग आपल्या शब्दांत सांगावा, कारण ऐकणाऱ्याला डोळ्यांसमोर खोली हवी असते.

उणे असेल तेही लिहावे. १९६० च्या दशकातली सफाईदार लोकप्रिय कादंबरी आणि थोर कादंबरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पाचही पुस्तके थोर आहेत असे भासवण्याची गरज नाही. ‘नटीने लिहिले म्हणजे कौतुकच’ हा सूर ‘नटीने काय लिहिणार’ या सुराचाच सख्खा भाऊ आहे.

दोन आत्मपर पुस्तकांचा उपयोग वेगवेगळा करावा. १९५९ चे पुस्तक आयुष्याविषयी आहे. १९७१ चे ‘अ लाइफ ऑन फिल्म’ कामाविषयी आहे. एकच प्रसंग दोन्हींत आला असेल तर दोन्ही नोंदी वहीत शेजारी लिहाव्यात. बारा वर्षांत आठवणीचा सूर कसा बदलला हे त्यावरून दिसते आणि चौथा रकाना कशासाठी आखला होता हेही कळते.

मसुदा

नावांचे उच्चार एकदा ठरवून सर्वत्र सारखेच ठेवावेत. चित्रपट आणि कादंबऱ्यांची नावे भाषांतरित करू नयेत. देवनागरीत लिहून अर्थ वाक्यातच सुचवावा. ‘सिनेतारका’, ‘रजतपट गाजवला’, ‘लेखणीची जादू’ ही मंडळी दाराबाहेरच ठेवावीत. लग्ने चार झाली, पण नवऱ्यांची यादी हा लेखाचा सांगाडा होऊ शकत नाही. ज्या नवऱ्यामुळे कामाची दिशा बदलली तेवढाच आत घ्यावा. सुरुवात जन्मतारखेने करू नये. खिडकीतून उतरणाऱ्या मुलीपासून करता येईल, पण मी १९६४ पासून करतो: एका बाजूला चित्रपटातली शेवटची लहान भूमिका, दुसऱ्या बाजूला छापखान्यातून आलेली तिसरी कादंबरी. तिथून मागे जाणे सोपे पडते आणि २५ सप्टेंबर १९८७ या दिवसापर्यंत, म्हणजे चित्रपटसृष्टीतल्या निवृत्तांसाठी वुडलंड हिल्स येथे असलेल्या वसाहतीतल्या त्यांच्या अखेरच्या वर्षांपर्यंत, पुढे जाणेही.

अडीच हजार शब्द वाचायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. आमच्या गटात तेलुगू आणि कन्नड घरांतून आलेले सभासद बरेच आहेत. त्यांचे मराठी उत्तम असले तरी लांब समासांचे वाक्य ऐकताना कोणाचाही धागा सुटतो, म्हणून आदल्या दिवशी घरात एकदा मोठ्याने वाचून अडखळलेली जागा दुरुस्त करावी. वाचन झाल्यावर मागच्या रांगेतून ‘पण त्या डायरीत नेमके होते काय?’ हा प्रश्न येणारच. ती १९५२ साली जाळली, एवढे उत्तर द्यावे आणि कादंबरीची प्रत श्रोत्यांत फिरायला सोडावी. मी मागच्या वेळी चार्ली कॅर्यूची पट्टी लावलेली प्रत अशीच सोडली होती. ती तिसऱ्या रांगेपर्यंत गेलेली मी पाहिली; अजून परत आलेली नाही.